दोघंही युरोपात

हेमराज पाटील शहादा आगारात एसटी चालवून निवृत्त झाले आणि प्रकाशाला, आपल्या गावी, थोड्याशा शेतात पपई लावून राहिले. मोठी मुलगी गायत्री पोर्तुगालमध्ये, लिस्बन शहरात, औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. धाकटा नवनीत पोलंडमध्ये, वॉर्सा शहरात, एका मोठ्या गोदामात माल बांधायचं काम करत होता. गावाच्या दृष्टीने दोघंही युरोपात, म्हणजे एकाच ठिकाणी. शेजारच्या धनुबाई अहिराणीत नेहमी म्हणायच्या, "बहीन-भाऊ जोडे शेतस, तुमले काय चिंता." हेमराजांची बायको रमिलाबाई त्यावर नुसती मान हलवायच्या.

खरं म्हणजे दोन वर्षं बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

नवनीतने बी.एस्सी. केल्यावर गायत्रीने त्याला लिस्बनला बोलावलं होतं. तिने तिकडच्या कॉलेजात त्याच्यासाठी प्रवेश मिळवला, स्वतःची खोली सोडून दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं, त्याच्यासाठी पलंगसुद्धा आणून ठेवला. नवनीत हो हो म्हणत राहिला. पण त्याला पुढे शिकायचं नव्हतं, आणि ते ताईला सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती. शहाद्याचे त्याचे दोन मित्र पोलंडला कामाला निघाले होते. त्यांच्याबरोबर त्यानेही गुपचूप कागदपत्रं करून घेतली आणि निघायच्या आठवड्यात ती गोष्ट आईकडून गायत्रीला कळवली. गायत्रीने त्याला फोन केला. दोघांमध्ये काय बोलणं झालं ते हेमराजांनी ओसरीवरून अर्धवट ऐकलं. मुलगा शेवटी एवढंच म्हणाला होता की मी तुझ्याकडे यापुढे काही मागणार नाही. त्यानंतर त्याने तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. तिनेही विषय काढला नाही. आईशी ती रोज बोलायची, आणि भावाचं नाव निघालं की स्वयंपाक काय केला ते विचारायची.

ही गोष्ट हेमराज आणि रमिलाबाईंनी गावात कोणाला कळू दिली नाही. मुलांचं भांडण चारचौघांत बोललं की ते पक्कं होतं, असं रमिलाबाईंना वाटायचं.

जानेवारीतल्या एका दुपारी हेमराज शेतात पपईच्या झाडांना पाणी देत होते तेव्हा फोन आला. नंबर परदेशातला होता. बोलणाऱ्याने आपलं नाव सुकराम सांगितलं. तो धडगावकडचा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा आदिवासी मुलगा. वॉर्सात नवनीतच्याच खोलीत राहायचा. हेमराजांना नाव ऐकून माहीत होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. सुकराम शाळेत शिकवतात तशा मराठीत, शब्द जुळवत जुळवत बोलला. काका, घाबरू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या, असं म्हणून त्याने सांगितलं की नवनीतचं पोट तीन-चार दिवसांपासून दुखत होतं. तो गोळ्या खाऊन कामावर जात राहिला. काल रात्री न्हाणीत पडला. अँब्युलन्स बोलावली. अपेंडिक्स आत फुटलं होतं. ऑपरेशन झालं आहे, तो शुद्धीवर आहे.

हेमराजांनी पाण्याचा पाइप तसाच सोडून दिला आणि घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की मोटर बंद केलेली नाही. ते परत गेले, मोटर बंद केली, आणि मग पुन्हा निघाले. घरी पोहोचेपर्यंत ही गोष्ट रमिलाबाईंना कशी सांगायची याची त्यांनी चार वेळा जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात त्यांनी फक्त फोन त्यांच्या हातात दिला आणि सुकरामला म्हणाले, तूच सांग.

संध्याकाळी नवनीत स्वतः दोन मिनिटं बोलला. आवाज इतका बारीक होता की रमिलाबाईंनी पंखा नसतानाही पंखा बंद करा म्हणून हात केला. तो बरा आहे म्हणाला, दुखत नाही म्हणाला. मग थांबून म्हणाला, "ताईले सांगू नका."

हेमराजांनी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते नंदुरबारला जाऊन आले. पासपोर्टचं काम करून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला भेटले. हेमराज आणि रमिलाबाई, दोघांपैकी कोणाकडेच पासपोर्ट नव्हता. त्या माणसाने सगळं नीट समजावून सांगितलं. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि कितीही घाई केली तरी काही आठवडे. हेमराजांनी दोनदा विचारलं की मुलगा दवाखान्यात असेल तरीही का. तो म्हणाला, तरीही. परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली होती आणि बसमध्ये सगळे खोकत होते. हेमराज सवयीने ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते. आयुष्यभर लोकांना जिथे जायचं तिथे त्यांनी नेऊन सोडलं होतं, आणि आज आपल्याला जायचं आहे तर रस्ताच नाही, या विचाराने त्यांना बसमध्येच भरून आलं. त्यांनी मिरचीमुळे होतंय असं दाखवून रुमाल डोळ्यांना लावला.

घरी धनुबाई आल्या होत्या. नवनीत आजारी असल्याचं रमिलाबाईंनी त्यांना सांगितलं होतं. धनुबाईंनी कांद्याची पात आणली होती आणि त्या धीर देत होत्या. गायत्री तिथेच आहे ना, ती बघेल, बहिणीसारखं कोणी नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकरामचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. नवनीतचा ताप उतरत नव्हता. डॉक्टर येऊन बरंच काही बोलून गेले होते, त्यातलं अर्धंच सुकरामला कळलं होतं. पोटात अजून संसर्ग आहे, औषध बदललं आहे, गरज पडली तर पुन्हा उघडावं लागेल, असं काहीतरी. घरचं कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी भाऊ आहे म्हणून सांगितलं, पण काका, मला कामावरून आता सुट्टी मिळत नाही, रात्रपाळी करून मी इथे येतोय आणि मला सगळं समजत नाही, असं म्हणताना त्या मुलाला रडू आलं. हेमराजांनी त्याला आधी जेवायला सांगितलं, झोपायला सांगितलं. तू खूप केलंस बेटा, म्हणाले.

फोन ठेवल्यावर रमिलाबाई म्हणाल्या, "आते तरी तिले फोन लावा."

"त्यानी नको म्हणेल शे."

"तो आजारी शे. आजारी मानूसनं कोन आयकस?"

 हेमराजांना मुलाला दिलेल्या शब्दाची अडचण नव्हती. त्यांना भीती दुसरीच होती. गायत्रीला सांगितलं आणि ती नाही म्हणाली, तर? किंवा हो म्हणाली पण जाता येणार नाही इतकं ते लांब असलं, तर? आजवर त्यांनी ही दोन शहरं एकमेकांपासून किती लांब आहेत ते पाहिलंच नव्हतं. गावासारखं त्यांनाही मनातून वाटायचं की असतील शहादा-नाशिक इतकी.

त्यांनी रमिलाबाईंच्या फोनवर नकाशा काढला. पोर्तुगाल एका टोकाला होतं, समुद्राला चिकटून. पोलंड पार दुसऱ्या बाजूला. मध्ये स्पेन, फ्रान्स, जर्मनी. अंतर पाहिलं तर सरळ रेषेत सत्तावीसशे किलोमीटरच्या वर. हेमराज तो आकडा बघत राहिले. काश्मीर ते कन्याकुमारी जवळपास एवढंच. रस्त्याने त्याहून जास्त. बस असती तर त्यांनी मनातल्या मनात तीन ड्रायव्हर लावले असते, तीन ठिकाणी मुक्काम धरला असता, तरी चौथ्या दिवशी पोहोचवलं असतं. इतक्या लांबची दोन पोरं जोडीने आहेत असं आपण गावाला भासवत होतो.

मग त्यांनी विमानाचा वेळ पाहिला. चार तासांच्या आसपास. त्यांना खरं वाटलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं. नंदुरबारहून सुरतेला न्यायला त्यांच्या गाडीला चार तास लागायचे, नवापूरला चहाला थांबून.

"चार तास," ते रमिलाबाईंना म्हणाले, आणि फोन त्यांच्याकडे सरकवला. "लाव."

लिस्बनला तेव्हा पहाट होती. गायत्रीने पहिल्याच रिंगला उचलला. एवढ्या लवकर घरून फोन आला म्हणजे काय, हे दूर राहणाऱ्या मुलांना न सांगता कळतं. रमिलाबाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच फोन हेमराजांकडे दिला, पुढचं त्यांनी सांगितलं. अपेंडिक्स, ऑपरेशन, ताप, सुकराम.  

"आप्पा," गायत्री म्हणाली, "दोन दिन व्हई गयात. आनि तुम्ही माले आज सांगी ऱ्हायनात?"

"तू जाशी का नही, तेच समजत नव्हतं माले."

 मग म्हणाली, "तो मन्हा भाऊ शे, आप्पा."

एवढंच. पुढे तिने दवाखान्याचं नाव विचारलं, सुकरामचा नंबर मागितला, ऑपरेशन कोणत्या बाजूने केलं ते विचारलं, जे हेमराजांना माहीत नव्हतं. बोलता बोलता ती दुसरीकडे काहीतरी शोधत होती. त्या दिवशीचं सरळ जाणारं विमान भरलेलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात तिला जागा मिळाली. मध्ये कुठे बदलून जाण्यापेक्षा हेच लवकर पोहोचेल, असं ती म्हणाली. मग तिने सुकरामला फोन केला, दवाखान्यात फोन केला, इंग्रजी बोलणारी एक डॉक्टरीण शोधून काढली आणि तासाभराने आईला सगळं अहिराणीत समजावून सांगितलं. ताप आहे, पण नवं औषध लागू पडायला एक-दोन दिवस लागतात. पुन्हा ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. तिने सांगितलेलंही तेच होतं जे सुकरामने सांगितलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकल्यावर रमिलाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा चूल पेटवली.

नवनीतला सांगायचं की नाही, हे कोणी ठरवलं नाही. कोणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गायत्रीने विमानात बसल्यावर फोनवर एक लिंक पाठवली. ती उघडली की नकाशावर पिवळं इवलंसं विमान दिसायचं आणि ते खरोखरच्या विमानाबरोबर सरकायचं. रमिलाबाईंनी फोन चार्जरला लावून ओसरीवरच्या खाटेवर उशीला टेकवून ठेवला आणि दोघं समोर बसले. विमान लिस्बनहून उठलं, समुद्राकडे थोडं गेलं, वळलं आणि स्पेनवर आलं. ते इतकं हळू सरकत होतं की सरकत नाही असंच वाटायचं. पण जरा नजर दुसरीकडे करून पाहिलं तर पुढे गेलेलं असायचं.

धनुबाई ताक द्यायला आल्या आणि काय बघताय म्हणून खाली बसल्या. गायत्री विमानात आहे, भावाकडे निघाली आहे, असं रमिलाबाईंनी सांगितलं. धनुबाईंना काही समजलं नाही. तिथल्या तिथे जायला विमान कशाला, असं त्यांनी विचारलं.

रमिलाबाईंनी हेमराजांकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला, बोटाने नकाशा लहान केला आणि धनुबाईंना दाखवलं. इथे मुलगी राहते, इथे मुलगा. दोन वर्षांपासून दोघं बोलत नाहीत. आम्ही कोणाला सांगितलं नाही. हे सगळं त्यांनी एका दमात आणि खाली बघत सांगितलं. धनुबाई थोडा वेळ त्या नकाशाकडेच बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन सुना एकाच घरात दोन चुली करून राहत होत्या, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.  धनुबाई पदर सावरून खाटेजवळ सरकून बसल्या आणि म्हणाल्या, आता कुठे आली?

फ्रान्सवर आली होती.

तिघं मिळून विमान बघू लागले. मध्ये धनुबाई घरी जाऊन गाईचं पाणी करून आल्या आणि आल्या आल्या पुन्हा विचारलं. जर्मनी. हेमराजांना आता त्या विमानाचा चालक कोण असेल, त्याने सकाळी काही खाल्लं असेल का, असले विचार येत होते. वाटेत एकही थांबा नाही, कोणी हात दाखवून चढणार नाही, घाट नाही. सोपं काम, ते म्हणाले. रमिलाबाई म्हणाल्या, तुम्हाला सगळं सोपंच वाटतं. कित्येक दिवसांत त्या एवढ्या नेहमीच्या आवाजात बोलल्या नव्हत्या.

ऊन कलायला लागलं होतं. विमान पोलंडमध्ये शिरलं, वॉर्साच्या जवळ गेलं, आणि तिथे पोहोचायच्या जरा आधी ते वळलं. एक मोठं वेटोळं घेतलं. मग दुसरं घेतलं, त्याच जागी.

"काय व्हयनं?" रमिलाबाईंनी विचारलं.

हेमराज उठून उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांना माहीत नव्हतं. वेटोळ्यावर वेटोळं पडत चाललं, नकाशावर सुताचा गुंडा व्हावा तसं. धनुबाईंनी हात जोडले. रमिलाबाईंनी फोन हातात घट्ट धरला होता आणि त्यांचा अंगठा चुकून कुठेतरी लागून नकाशा नाहीसा झाला. 

हेमराजांनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला, नकाशा परत आणला आणि शक्य तितक्या शांतपणे बोलायला लागले. तापीला पूर आला की इथला पूल बंद व्हायचा. तेव्हा ते गाडी अलीकडे उभी करायचे. प्रवासी ओरडायचे, साहेब, पाणी कमी आहे, घाला गाडी. ते घालायचे नाहीत. पाणी उतरलं तर पुढे, नाही उतरलं तर मागे फिरून दुसऱ्या रस्त्याने. उभ्या राहिलेल्या गाडीला काही होत नाही, ते म्हणाले. तो पायलट पण तेच करतोय. वाट बघतोय. ते स्वतःला पटवत होते की बायकोला, हे त्यांनाही कळत नव्हतं, पण त्यांचा आवाज थरथरला नाही.

आणि मग विमानाने वेटोळं सोडलं आणि ते सरळ खाली, दक्षिणेकडे निघालं. वॉर्सापासून दूर. थोड्या वेळाने नकाशावर त्याचा वेग कमी कमी होत गेला, आणि एका जागी ते दिसेनासं झालं.

 घरामागे कोणीतरी पपया क्रेटमध्ये भरत होतं त्याचा आवाज येत होता. रमिलाबाईंनी गायत्रीला फोन लावला, तो बंद होता. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात फोन हातातच थरथरला.

मेसेज मराठीत होता. उतरले. वॉर्सात खूप बर्फ पडतंय, धावपट्टी बंद. कातोवित्से नावाच्या गावी उतरवलं. इथून आम्हाला बसने नेणार आहेत. मी ठीक आहे.

रमिलाबाईंनी तो मोठ्याने वाचला. धनुबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं, म्हणून पुन्हा वाचला. मग धनुबाई उठल्या आणि आतल्या घरात जाऊन, जणू आपलंच घर आहे, त्यांनी चहा ठेवला. हेमराज खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी हाताने डोळे झाकून घेतले. 

पण चहा होईपर्यंत ते उठून बसले होते. बस. बर्फात. त्यांनी नकाशात पाहिलं, कातोवित्से ते वॉर्सा तीनशे किलोमीटर. हे अंतर त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच विमानाची वाटली नव्हती इतकी काळजी त्यांना आता वाटू लागली. बर्फावरून त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती. चिखलावर कशी घसरते ते माहीत होतं, बर्फ त्याहून वाईट असणार. त्यांनी रमिलाबाईंकडून मेसेज पाठवला की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस, आणि झोप येत असेल तर झोप, पण बेल्ट लाव. गायत्रीचं उत्तर आलं, आप्पा, ड्रायव्हर आपल्या धुडकू मामांसारखा दिसतो आणि तुमच्यासारखाच हळू चालवतोय. धुडकू मामा म्हणजे रमिलाबाईंचे भाऊ. रमिलाबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. हेमराज म्हणाले, हळू चालवतोय ना, मग ठीक आहे.

त्यांनी जागं राहायचं ठरवलं होतं, पण जेवण झाल्यावर दोघांनाही बसल्या जागी झोप लागली.

रमिलाबाई नेहमीप्रमाणे उजाडायच्या आधी उठल्या तेव्हा फोनवर मेसेज येऊन पडलेला होता. पोहोचले. भेटले. ताप उतरतोय, डॉक्टर म्हणतात पुन्हा ऑपरेशन नको. तुम्ही झोपा. रमिलाबाईंनी तो दोन-तीनदा वाचला. हेमराज खुर्चीत मान टाकून झोपले होते. त्यांना उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आधीच्या तीन रात्रींत त्यांचा डोळा लागला नव्हता. रमिलाबाईंनी त्यांच्या अंगावर गोधडी घातली, बाहेर जाऊन अंगणात सडा टाकला, आणि नदीकडून देवळाची घंटा ऐकू आली तेव्हा झाडू तसाच हातात धरून त्या हमसून हमसून रडल्या. मग तोंड धुऊन आत आल्या आणि नवऱ्याला उठवून सांगितलं.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. नवनीतच्या नंबरवरून. त्याचा चेहरा सुकलेला, दाढी वाढलेली, नाकाला नळी नाही, डोळे स्वच्छ. रमिलाबाई बोलायला लागल्या तसं त्याने तोंडावर बोट ठेवलं.

"माय, हळू बोल. ताई झोपेल शे."

त्याने फोन फिरवून दाखवलं. पलंगाशेजारच्या खुर्चीत गायत्री बसल्या बसल्या झोपली होती, जाड कोट अंगावरून ओढून, तोंड थोडं उघडं. पायातले बूट ओले होते. रात्री ती सुकरामच्या खोलीवर गेली होती, सुकराम रात्रपाळीला होता. सकाळी भेटायची वेळ सुरू होताच ती पुन्हा आली होती आणि आल्या आल्या झोपली होती.

"ती काल उनी तवय काय म्हननी तुले?" रमिलाबाईंनी हळूच विचारलं.

नवनीतने खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नही. पाय जरा सरकाव म्हननी, माले बसानं शे."

तो आणखी काही सांगणार होता, पण त्याने फोन बाजूला धरला, त्यामुळे आई-बापांना थोडा वेळ नुसतं पांढरं छत दिसत राहिलं. त्यांनी फोन ठेवायची घाई केली नाही. छताकडे बघत बसले.

पुढे सगळं नीट होत गेलं. आठवड्याभरात नवनीतला घरी सोडलं. सुकरामने मुगाची खिचडी केली, ती गायत्रीला पाणचट वाटली, तरी तिने दोनदा घेतली. त्या मुलाने नवनीतसाठी काय काय केलं ते तिला दवाखान्यातल्या परिचारिकांकडून कळत गेलं, कारण तो स्वतः सांगत नव्हता. हेमराजांनी त्याच्या वडिलांचं नाव-गाव विचारून घेतलं आणि एका रविवारी शहाद्याहून जीप करून धडगावला, तिथून पुढे पाड्यापर्यंत गेले. तुमच्या मुलाने माझ्या मुलाला वाचवलं, असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं. सुकरामच्या वडिलांनी त्यांना अंगणात बसवलं, मोहाची दारू पुढे केली, हेमराज घेत नव्हते म्हणून मग चहा केला. पोराने घरी काही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले. हेमराज संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

गायत्री परतायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी तिघंही एकाच खोलीत होते. रमिलाबाई जेवणाची चौकशी करत होत्या तेवढ्यात तिकडे बोलणं भलतीकडे गेलं. गायत्रीचं म्हणणं होतं की त्याने महिनाभर लिस्बनला येऊन विश्रांती घ्यावी, तिथे ऊन असतं. नवनीतचं म्हणणं होतं की त्याला काही झालेलं नाही, दोन आठवड्यांत तो कामावर जाणार. गायत्री म्हणाली, तुला अक्कल असती तर पोट दुखताना गोळ्या खाल्ल्या नसत्यास. तो म्हणाला, तू आलीस म्हणजे तुझं सगळं ऐकायचं असं नाही. सुकराम मध्ये काहीतरी समजुतीचं बोलायला गेला तर दोघांनीही त्याला गप्प केलं. आवाज चढत गेले. लहानपणी मागच्या खोलीतून यायचे तसेच, एकाच वेळी दोघांचे.

रमिलाबाई मध्ये पडायला निघाल्या. हेमराजांनी त्यांच्या हाताला धरून थांबवलं, फोनचा आवाज मोठा केला आणि तो खाटेवर मध्ये ठेवला. दोघं दोन्ही बाजूंना बसून ऐकत राहिले.